नावांसाठी सोडलेल्या जागा

माझे सासरे शबताई तोरा, म्हणजे मोशेला मिळालेलं आमचं धर्मशास्त्र, लिहायचे. कमावलेल्या कातड्याच्या पटावर, बोरूने, घरीच उकळलेल्या शाईने. एक पट भरला की दुसरा, आणि शेवटी सगळे पट शिवून एक लांब गुंडाळी. यरुशलेमच्या बाजारामागच्या आमच्या मोहल्ल्यात सगळी कुर्दिस्तानच्या डोंगरांतून उतरलेली ज्यू माणसं. पुरुष दगडखाणीत नाहीतर हमालीला, माझा नवरा हबीबही खाणीतच. आमच्या सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनाघराला, स्वतःची नवी गुंडाळी नव्हती. दुसऱ्यांनी दिलेली जुनी होती, वाचता वाचता अक्षरं गळायची. म्हणून सगळ्यांनी मिळून सासऱ्यांना सांगितलं, शबताईभाऊ, आपली एक लिहा.

त्यांची लिहिण्याची एक रीत होती. देवाच्या नावाची जागा आली की बोरू उचलायचे, नावापुरती जागा मोकळी सोडायचे आणि पुढचा शब्द लिहायचे. अख्खा पट असा लिहून झाला, की एका सकाळी स्नानकुंडात बुडी मारून, वाटेत कुणाशी अक्षर न बोलता घरी यायचे आणि मग त्या जागा भरायचे. तोवर तो पट बघितला की दारं उघडी टाकून कुणी गावाला गेलंय असं वाटायचं.

मी नवी नवरी असताना विचारलं होतं, "बाबा, नावं नंतर का?"

"बाकीचा शब्द चुकला तर चाकूने खरवडता येतो, गुले. नाव खरवडता येत नाही. नावात चूक झाली तर सगळा पट बाजूला काढायचा आणि जमिनीत पुरायचा, माणसासारखा."

"आणि देव एकच, तर नावं इतकी कशाला?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. अस्मर त्यांचं नाव. त्या कुब्ब्याच्या गोळ्यांसाठी मांस कुटत होत्या. "तुझ्या नवऱ्याला मी हब्बो म्हणते. खाणीतला मुकादम ए दांडगोबा म्हणतो. तू नुसतंच ऐकलं का म्हणतेस. माणूस एकच आहे ना? जो ज्या कामासाठी हाक मारतो, तसं त्याचं नाव."

सासरे हसले होते. मग त्यांनी मला एकेक नाव उलगडून सांगितलं. एलोहीम म्हणजे बळाचा धनी, ज्याने जग मापून बांधलं आणि जो न्यायाच्या आसनावर बसतो. एल हे त्याचंच आखूड रूप, एका श्वासात मावणारं. आणि चार अक्षरांचं ते नाव, जे लिहायचं पण उच्चारायचं नाही. वाचताना तिथे आपण 'प्रभू' म्हणतो. होता, आहे, असेल, हे तिन्ही त्यात एकमेकांत विणलेले. जुने लोक सांगतात, एलोहीम न्याय करतो आणि चार अक्षरांचा तो दया करतो. "दोघं एकच, पोरी. पण माणसाला कधी एका बाजूने भेटतो, कधी दुसऱ्या."

सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना नावं गाण्यातून ठाऊक होती, त्यांच्या आईकडून आलेल्या. आमच्या डोंगरातल्या जुन्या बोलीत त्या मुसळाच्या ठेक्यावर गायच्या. त्यांचं लाडकं नाव एल-रोई. ते कुणा राजाने नाही ठेवलं, संदेष्ट्यानेही नाही. मालकिणीच्या जाचाने घरातून पळालेल्या हागार दासीने ठेवलं, वाळवंटात, झऱ्याकाठी. 'मला पाहणारा' असा त्याचा अर्थ.

वाळूच्या ग रानामधी दासी बसली एकली
जेनं पाहिलं ग तिला, त्याला नाव देऊ गेली

दुसरं गाणं शद्दायचं. जग पसरतच चाललं होतं तेव्हा त्याला 'पुरे' म्हणणारा तो शद्दाय, असं सासरे सांगायचे. कुणी त्यात पाजणाऱ्या आईची छाती बघतं, असंही सांगायचे. सासूबाईंना त्यात वेगळं काही वाटायचं नाही. "जी पाजते तीच पुरे म्हणते. दुसऱ्या कुणाचं ऐकतं का पोर?"

वाढत्या ग आभाळाला कुनी म्हटलं पुरे आता
शद्दाय माझा बाई, पाजता नि थोपवता

अशा घरात मी रुळले. त्या वर्षी गुंडाळी शेवटच्या पटावर आली होती. मोशेच्या आशीर्वादाचा शेवट आणि मोशेचा मृत्यू, एवढंच उरलेलं. हिवाळ्याच्या तोंडाला सासऱ्यांनी तोही पट लिहून काढला, नावांच्या जागा सोडून. उद्या सकाळी कुंडावर जातो म्हणाले आणि झोपले. सकाळी उठायला गेले तर उजवं अंग त्यांच्याबरोबर उठेना.

बोलणं आठवड्याभरात परत आलं. पाय ओढत ओढत आला. हात मात्र खांद्यापासून असा लोंबायचा, जणू कुणी दुसऱ्याचा हात त्यांच्याजवळ सांभाळायला ठेवून गेलंय.

सिनेगॉगचा कारभार मुरादकडे होता. बाजारात त्याचं ऑलिव्हचं दुकान होतं, त्यामुळे तो दारात यायच्या आधी त्याचा वास यायचा. तो दर शुक्रवारी यायचा, खाटेशी बसायचा, इकडचं तिकडचं बोलायचा आणि जाताना कपाटाकडे बघायचा, जिथे तो पट कापडात गुंडाळून ठेवला होता. सप्ताहांच्या सणाला, तोरा मिळाल्याच्या दिवशी, नवी गुंडाळी वाजतगाजत न्यायची असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

"मी घाई करत नाहीये, शबताईभाऊ," तो म्हणायचा.

"मग कपाटाला काय विचारतोस?" सासूबाई म्हणायच्या.

हळूहळू बोटं थोडी हलू लागली, तेव्हा सासऱ्यांनी सराव सुरू केला. नवा बोरू तासला की तोरा लिहिणारा आधी 'अमालेक' लिहितो आणि त्यावर काट मारतो. आमच्या पूर्वजांच्या त्या वैऱ्याचं नाव पुसून टाका अशी आज्ञाच आहे, तेव्हा बोरूचीही परीक्षा होते आणि आज्ञाही पाळली जाते. कागद महाग. सासरे खाटेवर कुशीला वळून भिंतीवरच कोळशाने अमालेक लिहायचे. वल्हांडणाच्या सणाआधी घराला चुना लागणारच होता, म्हणून सासूबाई काही बोलल्या नाहीत. भिंतभर अमालेक झाले. कुणी कुबडा, कुणी लंगडा, एक तर खाटेखाली घसरत गेलेला.

मुरादने ते बघितले आणि त्याला राहवलं नाही. "भाऊ, यांच्यावर काट कशाला मारता? हे आपसूकच मेलेत."

सासरे हसले, पण तो गेल्यावर त्यांनी कोळसा खाली ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

"गुले," ते मला म्हणाले, "नावांच्या जागा मी भरू शकलो नाही तर मुराद दुसऱ्या मोहल्ल्यातून कुणाला आणेल. शास्त्राला चालतं ते. गुंडाळी शुद्धच राहील."

"मग?"

"मग काही नाही. आयुष्यभर आंगण झाडलं, आणि पाहुणा आला तेव्हा दार दुसऱ्याने उघडलं, एवढंच."

वल्हांडण जवळ आला. या सणात घरात आंबवलेलं चालत नाही, म्हणून खमिराचा प्रत्येक कण शोधायचा, भांडी उकळायची, गाद्या उन्हात टाकायच्या. सासूबाईंनी चुन्यात नीळ कालवली, बादली खोलीत आणून ठेवली आणि म्हणाल्या, "चला, आज अमालेकांना आंघोळ."

त्यांनी ब्रश बुडवला तोच सासरे खाटेवरून ओरडले, "थांब. अगं, थांब."

मी अंगणातून धावत गेले. सासूबाई ब्रश हातात धरून उभ्या, चुना पायांवर ठिबकतोय. आणि भिंतीवर, सगळ्या त्या लंगड्या-कुबड्यांच्या मध्ये, एक सरळ, शांत, पूर्ण अक्षरांची ओळ. चारच अक्षरं. मी वाचायला शिकले होते. मी तोंडावर हात ठेवला.

"कधी लिहिलंत?" सासूबाईंनी विचारलं.

"उजाडताना." ते घाबरलेले होते, लहान मुलाने काही फोडावं तसे. "अर्धवट झोपेत होतो. अमालेकच लिहायला गेलो. हात चालतोय असं जाणवलं आणि... हात धुतले नव्हते अस्मर. 'नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो' असं तोंडाने म्हटलंही नाही. कोळशाने. शत्रूंच्या गर्दीत."

पुसता येत नव्हतं. चुना लावणं म्हणजे पुसणंच. हबीबला हाखाम अलवान यांच्याकडे पिटाळलं. ते आमच्या सिनेगॉगचे धर्मगुरू, वयाने सासऱ्यांपेक्षा थोडे लहान. ते स्वतःच आले, चष्मा कपाळावर चढवून भिंतीला नाक लावलं, बराच वेळ बघत राहिले.

"शबताई," ते म्हणाले, "अक्षर तुमचंच आहे."

"निकाल सांगा, हाखाम."

"निकाल काय. याच्या भोवतीने चुना लावा. यावर काच बसवा. आणि ही झोपायची खोली, तेव्हा काचेवर पडदा, पडद्यावर आणखी एक पडदा."

"म्हणजे मी माझ्याच खोलीत कपडे बदलायचे तर दोन पडदे तपासायचे," सासूबाई म्हणाल्या. "साठ वर्षं हा माणूस भिंतीला खिळा ठोकू शकला नाही आणि आता बघा."

मुराद बातमी ऐकून दुकान उघडं टाकून आला. "भिंतीवर लिहिणारा हात बाबेलच्या राजाने बघितला होता," तो म्हणाला, "त्याचं त्याच रात्री राज्य गेलं. तुमचा हात परत आला, भाऊ. आता सणाला..."

सासऱ्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

सण झाला. नवा चुना वाळला. सासऱ्यांनी मेजावर शेवटचा पट उघडला, त्यातल्या मोकळ्या जागांकडे बघितलं, मग कातड्याचा एक तुकडा घेऊन बोरूने अमालेक लिहिला. तो खाटेखाली घसरणाऱ्यापेक्षाही वाईट आला. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी शाईचा डाग पटापासून वीतभर अंतरावर पडला तेव्हा त्यांनी पट मिटला आणि मला म्हणाले, "मुरादला बोलाव. म्हणावं, माणूस आण."

मुराद आला. त्याला हेच हवं होतं, पण आता मिळाल्यावर त्याला ते घेववेना. टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"भिंतीवर जमलं ना, भाऊ."

"ते जमलं नव्हतं, निसटलं होतं." सासरे शांतपणे बोलत होते आणि तेच ऐकवत नव्हतं. "हिशोब सरळ आहे. एलोहीम न्याय करतो. लिहिताना कधीतरी मनात आलं असेल की माझ्यासारखं अक्षर कुणाचं नाही. त्याने हात काढून घेतला. न्यायाने घेतला. मी तक्रार करत नाही."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप त्यांनी खाली ठेवलं.

"अहो, भिंतीवर कुठलं नाव आलं?"

"तुला माहीत आहे."

"मला वाचता येत नाही, तुम्ही सांगा. एलोहीम आलं का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"नाही ना? न्याय करायचा होता तर त्याने न्यायाचंच नाव लिहून घेतलं असतं. तुमच्या झोपेतल्या हाताला दयेचं सापडलं. आता तुम्ही जागे होऊन त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारताय."

मुरादने टोपी डोक्यावर घातली.

"आणि आणखी एक सांगते," सासूबाई म्हणाल्या, आवाज जरा उतरवून, कारण मुराद उभा होता. "निसटलं म्हणता. त्या पहाटे तुमचं कोपर माझ्या खांद्यावर होतं. सगळा भार टाकलेला. मला जाग आली होती. म्हटलं उशी समजलेत, असू दे, म्हातारा झोपलाय तर झोपू दे. हलले नाही मी."

मग मुराद मान खाली घालून म्हणाला, "मी उद्या येतो. नाहीतर परवा येतो," आणि गेला.

हाखाम अलवानना विचारणं आलंच. ते मी आणि हबीब दोघं जाऊन विचारून आलो. बायकोने कोपराला आधार दिला तर ते लिहिणं कुणाचं? हाखाम हसले नाहीत. पुस्तकं काढली, पुस्तकं मिटली. मग म्हणाले, "बोरू कुणाच्या बोटांत आहे?" हबीब म्हणाला, बाबांच्या. "मग लिहिणारे बाबा. मेजाचा आधार चालतो तर अस्मरचा का नाही? मेज तर जेवायलाही घालत नाही."

दुसऱ्या सकाळी हबीबने सासऱ्यांना जवळजवळ उचलूनच कुंडावर नेलं. ओल्या केसांनी, कुणाशी न बोलता ते परत आले. सासूबाईंनी हात कोपरापर्यंत धुतले, मेजाशेजारी बुटक्या स्टुलावर बसल्या आणि तळवा वर करून मेजाच्या कडेवर टेकवला. सासऱ्यांनी त्यावर कोपर ठेवलं. आधी अमालेक. तो नीट उभा राहिला, त्यावर काट बसली. मग सासऱ्यांनी पुटपुटून म्हटलं, नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो, आणि पहिल्या जागेत 'एल' उतरलं. दोन अक्षरं. एका श्वासात मावणारं.

त्या दिवशी तेवढंच. त्यानंतर हात दमला आणि त्यांनी त्याला दमू दिलं.

मग तीच रीत पडली. दर सकाळी कुंड, दर सकाळी एक नाव, जास्त नाही. सकाळभर घर पावलं न वाजवता चालायचं. नाव लिहिताना मध्ये बोलायचं नाही, राजाने नमस्कार केला तरी उत्तर द्यायचं नाही अशी आज्ञा आहे. एकदा मुराद दारातूनच बोलत आला, ऑलिव्हचा भाव, जावयाची नोकरी, गुडघा. कुणी उत्तर देईना. तो आत डोकावला, त्याने बघितलं आणि उंबऱ्यावर तसाच बसून राहिला, नाव पुरं होईपर्यंत. पुढे तो रोजच येऊन बसू लागला. दुकान उशिरा उघडू लागलं.

लिहिण्याच्या दुसऱ्या दिवशीचं नाव 'पुरातन देव' यातलं होतं. एलोहीमचंच एक रूप. ते लिहून झाल्यावर सासऱ्यांनी बोरू ठेवला आणि शाई वाळायची वाट बघत पुढची ओळ वाचू लागले. ती त्यांनी हिवाळ्याआधी लिहिली होती, धडधाकट हाताने. वाचता वाचता ते थांबले.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. "चुकलं का काही?"

"नाही. पुढे काय लिहिलंय ते वाचतोय. पुरातन देव हा तुझं घर आहे..." ते ओळीवर आणखी वाकले, "...आणि खाली सनातन बाहू आहेत. मी लिहिलं अस्मर हे. मीच लिहिलं. लिहिताना फक्त रेघ सरळ येतेय का, एवढंच बघत होतो."

सासूबाई तळव्याला मुंग्या आल्या म्हणून हात झटकत होत्या. "सनातन असतील," त्या म्हणाल्या, "पण दुखतात."

सासरे इतके हसले की मला पट बाजूला ओढावा लागला. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी उजवा हात उचलला. तो गालापर्यंत पोहोचला नाही, पण निघाला होता. एलोहीम हे नाव त्यांनी त्या दिवसापासून पुन्हा भीतीने घेतलेलं मी ऐकलं नाही.

त्या दुपारी मुसळाच्या ठेक्यावर नवंच काही ऐकू आलं. सासूबाईंच्या आईचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं.

खाली हात कुनाचे ग, कुनाचे ते ठावं न्हाई
पडता मी पडंना ग, एवढं मातर ठावं बाई

बाकीच्या सगळ्या जागांत चार अक्षरांचंच नाव होतं. त्याने मोशेला डोंगरावरून देश दाखवला, तिथे ते. मोशे त्याच्या शब्दाप्रमाणे वारला, तिथे ते. मोशेला तो समोरासमोर ओळखत होता, तिथे ते. होता, आहे, असेल. रोज एक घर उजळत गेलं. जी जागा रिकामी दिसायची तिथे आता कुणीतरी परत आलेलं असायचं. शेवटचं नाव सणाच्या आदल्या सकाळी झालं. मुराद उंबऱ्यावरच होता. तो उठला, सासऱ्यांच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला, मग काय वाटलं कोण जाणे, त्याने मान सासूबाईंकडे वळवली आणि नुसताच उभा राहिला.

"माझ्या हाताला लसणाचा वास येतो," सासूबाई म्हणाल्या. "जा, दुकान उघड."

हाखामांनी पट तपासला. नावांची अक्षरं बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित मोठी आहेत आणि त्यांच्या कडा मऊ आहेत, असं ते म्हणाले. शुद्ध आहेत, असंही म्हणाले.

सणाच्या दिवशी गुंडाळी छत्राखालून नेली. बायका गच्च्यांवरून तांदूळ आणि साखरेच्या गोळ्या उधळत होत्या. सिनेगॉगमध्ये सासऱ्यांना वर बोलावलं. मोठ्या दुखण्यातून उठलेल्याने सगळ्यांसमोर आभार मानायचे असतात, त्याचे शब्द ठरलेले आहेत. लायकी नसलेल्यांचंही भलं करणाऱ्या, तू माझं सगळं भलं केलंस. मग सगळे एका आवाजात म्हणतात, ज्याने तुझं भलं केलं तो पुढेही करत राहो.

मी वर बायकांच्या जाळीदार सज्जात सासूबाईंशेजारी उभी होते. सासऱ्यांनी ते शब्द म्हटले. उजवं कोपर त्यांनी मेजावर टेकवलं होतं, आणि सगळे उत्तर देत असताना त्यांनी मान वर करून जाळीकडे बघितलं. जाळीतून आम्ही खालून दिसत नाही.

"कुणाला शोधतायत?" मी विचारलं.

"मला. मला पाहणारा," सासूबाई म्हणाल्या, आणि जाळीतून बोट बाहेर काढून हलवलं.